लोखंडाला पाणी देणं

गावाकडे विळी नाहीतर कोयता बोथट झाला की तो लोहाराकडे जायचा आणि ‘पाणी देऊन’ परत यायचा. हा शब्द आपल्यापैकी पुष्कळजणींनी आजीच्या तोंडून ऐकला असेल. पाणी दिलं म्हणजे लोहारानं नेमकं काय केलं, हे मला कळलं ते मात्र वयाच्या चाळिशीत, आणि तेही भाईंदरच्या एका गाळ्यात, पोटासाठी नोकरी करताना.

मी मीरा रोडला राहते. ह्यांची कंपनी बंद पडली, थोरल्याची कॉलेजची फी समोर उभी राहिली, तेव्हा माझं बारावी सायन्स कामाला आलं. मीरा रोडहून एकच स्टेशन पुढे भाईंदर. पूर्वेला उतरलं की नवघर-गोडदेवच्या बाजूला गाळेच गाळे. एके काळी हा सगळा भाग मिठागरांचा. आता भाईंदर म्हटलं की व्यापाऱ्यांना स्टेनलेस स्टीलची भांडी आठवतात. तुमच्या फळीवरचा एखादा डबा इथूनच आला असेल. आमच्या गाळ्यात मात्र भांडी होत नाहीत. भांडी दाबणाऱ्या यंत्रांचे साचे, पिना, खिळी असे भाग आमच्याकडे भट्टीत घालून टणक करायला येतात. त्यांचा टणकपणा मोजायचा आणि कागदावर सही करायची, हे माझं काम.

पहिल्या आठवड्यात मला काही उमजेना. मग भट्टीवरच्या काकांनी समजावलं आणि मी ते माझ्या स्वयंपाकघरात बसवून घेतलं. पाकाचं बघा ना. साखर तीच, पाणी तेच. पण आच आणि वेळ बदलली की एकतारीचा गोळीबंद होतो. पोलादाचंही तसंच. लोखंडात थोडासा कार्बन असतो. सव्वासातशे अंशांच्या वर गेलं की लोखंडाच्या आतली रचनाच बदलते आणि तो कार्बन त्यात विरघळतो. हळूहळू निवू दिलं तर तो पुन्हा वेगळा होतो आणि पोलाद नरम राहतं. पण लालभडक असतानाच तेलात किंवा पाण्यात बुडवलं तर कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आतच अडकतो आणि पोलाद काचेसारखं टणक होतं. हेच ते पाणी देणं!

पण काचेसारखं म्हणजे काचेसारखंच हं. ठोका बसला की तडकणार. म्हणून त्याला पुन्हा हलकी आच द्यावी लागते. कामाप्रमाणे दीडशे अंशांपासून साडेसहाशेपर्यंत. आमच्याकडे याला टेंपर म्हणतात. थोडा टणकपणा जातो, पण चिवटपणा येतो. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर ही आच डोळ्यांनी दिसते. आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा आणि तीनशे अंशांच्या आसपास निळा. जुने लोहार थर्मामीटरवाचून या रंगांवरच काम करत.

गंमत म्हणजे डब्याच्या स्टीलची तऱ्हा अगदी उलटी. पत्रा साच्यात खोल दाबला की तो आपोआप कडक होतो. मग त्याला हजार अंशांच्या वर तापवून झटकन थंड केलं की तो टणक न होता नरम पडतो! कारण त्यात क्रोमियम आणि निकेल भरपूर असतं. ही आच देण्यात कुचराई झाली, तर काही जातींच्या स्टीलचा डबा दोन-चार दिवसांनी ठेवल्या जागी काठापासून उभा चिरतो. 

आमच्या मोजायच्या यंत्राचं नाव रॉकवेल. १९१९ साली अमेरिकेत रॉकवेल आडनावाच्या दोघांना त्याचं पेटंट मिळालं. हिऱ्याचं बारीक टोक आधी दहा किलोंनी, मग एकूण दीडशे किलोंनी दाबायचं आणि ते किती रुतलं ते पाहायचं. जितकं कमी रुतेल तितका आकडा मोठा. बटाटा शिजला का ते आपण सुरीनं टोचून बघतो, त्यातलाच हा प्रकार.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

एकदा प्रेसच्या क्लचच्या किल्ल्या आल्या होत्या, अठ्ठेचाळीस नग. प्रेसचं जड चाक सारखं फिरतच असतं. कामगारानं पायानं पॅडल दाबलं की ही किल्ली चाकात अडकते, प्रेस एकदा खाली येते आणि किल्ली सुटते. ती तुटली, तिचा टवका उडाला, तर पॅडल न दाबताही प्रेस दुसऱ्यांदा खाली येऊ शकते. आणि त्या वेळी माणसाचा हात माल काढायला आत गेलेला असतो.

कागदावर ४८ ते ५२ मागितला होता. यंत्र ५७ दाखवत होतं. एक पाहिली, दुसरी पाहिली, दहावी पाहिली. सगळ्या तशाच. रात्री दुसरी भट्टी दुसऱ्याच मालानं भरलेली होती. टेंपर न देताच किल्ल्या पेटीत भरल्या होत्या. 

शेठ म्हणाले, “ताई, कडक आहे म्हणजे चांगलंच ना? नरम असतं तर गोष्ट वेगळी. सही करा, टेंपो खाली उभा आहे.”

मी म्हटलं, “शेठ, हिला दुसरी आच मिळालेलीच नाही. ही वाकणार नाही, तुटेल.”

“पार्टी हातची जाईल. मग पगार कुठून देऊ?”

खोटं कशाला सांगू, फीचा हप्ता डोळ्यांपुढे आला. पण शेजारच्या गाळ्यात पॅकिंगला एक मावशी आहेत. पूर्वी त्या प्रेसवर होत्या. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. चहाचा कप त्या डाव्या हातानंच पुढे करतात. मी पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात काका आले. एकेक किल्ली पुसून उजेडात धरली. दोन किल्ल्यांना केसाएवढी चीर होती! पाणी दिल्यावर टेंपरला उशीर झाला तर आतल्या ताणानं पोलाद असं आपल्या आपणच फुटतं. काका एवढंच म्हणाले, “शेठ, ताई बरोबर बोलतात. तीन तास द्या.”

टेंपो रिकामा परतला. दोन किल्ल्या भंगारात गेल्या, बाकीच्या संध्याकाळी ५० वर आल्या आणि मी सही केली. त्या दिवाळीला माझी पगारवाढ झाली नाही. घरी हे म्हणाले, “बोलायला नको होतंस,” आणि जरा वेळानं म्हणाले, “पण बोललीस ते बरं झालं.” शेठही मनानं वाईट नव्हेत. नंतर त्यांनीच भिंतीवर पाटी लावली, ‘टेंपर झाल्याशिवाय माल हलणार नाही.’

घरच्यासाठी दोन गोष्टी सांगते. प्लास्टिक कापायला म्हणून विळी किंवा लोखंडी सुरी गॅसवर तापवू नका. पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. मग कितीही धार लावा, टिकणार नाही. आणि बिडाचा तापलेला तवा नळाखाली धरू नका, तो तडकतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. तुमच्या घरातलं कुणी प्रेसवर काम करत असेल, तर आज संध्याकाळी जेवताना त्यांना विचारा, प्रेसला जाळी आहे का? दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय चालणार नाही अशी सोय आहे का? किल्ली शेवटची कधी तपासली? ‘तुला काय कळतंय त्यातलं,’ असं म्हणतील कदाचित. म्हणू देत. आता आपल्याला कळतं.