तयार कान

बोबड्या बोलांचे आपल्याला केवढे कौतुक! दोन वर्षांच्या नातवाचा एकेक शब्द आपण आल्यागेल्याला ऐकवतो. हल्ली तर तो मोबाइलवर टिपून परगावच्या आजीलाही पाठवतो. परंतु या कौतुकाला वयाची मर्यादा असते. मूल चार-साडेचार वर्षांचे झाले आणि बोल बोबडेच राहिले, की ज्या शब्दाने लाड केले त्याच शब्दाने त्याला चिडवणे सुरू होते. 'बोबडा' हे मग विशेषण राहत नाही. मुलाचे नावच होऊन बसते.

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते आहे. वर्णांची उच्चारस्थाने, दोन प्रकारचे च, सामान्यरूप ही माझी रोजची भाजीभाकरी. या ज्ञानाला परीक्षेबाहेरही गिऱ्हाईक असते, हे मला दाखवून दिले माझ्या सांगलीच्या भाचीने. बारावीनंतर वाचा आणि श्रवण उपचाराची पदवी घेण्यासाठी ती मुंबईला आमच्याकडे राहायला आली.

"तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष उमेदवारी," माझ्या बहिणीने फोनवर हिशेब मांडला, "आणि एवढे करून डॉक्टर नाही ते नाहीच! मुलांना बोलायला शिकवायला पदवी कशाला ग लागते? आपण नाही का शिकवले?"

बहिणीचा प्रश्न अगदी वाजवी होता. बहुतेक मुले कुणी न शिकवताच बोलू लागतात. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो, दोन वर्षांची होईतो दोन शब्दांची जोडी जमते, आणि पुढे तर त्यांना गप्प कसे करावे हाच प्रश्न पडतो. ज्यांचे हे आपोआप होत नाही, त्यांच्यासाठी शिकलेले माणूस लागते. आपल्याकडे हे शिक्षण तसे अलीकडचेच. म्हैसूरची वाक् आणि श्रवणाची अखिल भारतीय संस्था १९६५ साली निघाली. मुंबईत नायर रुग्णालयात १९६६ साली अभ्यासक्रम सुरू झाला, आणि वांद्र्याची अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली उभी राहिली.

पहिले वर्ष भाचीने कानाच्या आणि घशाच्या आकृत्या काढण्यात घालवले. पुढे मात्र तिने आमचे घरच ऐकायला घेतले. लहान मुलांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे कानाला लावून ती रात्ररात्र बसे. एकच वाक्य दहादहा वेळा ऐके आणि प्रत्येक ध्वनीसाठी ठरलेले चिन्ह वहीत मांडी.

"मावशी, मूल 'ताता' म्हणाले, तर 'ताता'च लिहायचे. 'काका' लिहिले की मार्क गेले."

"अग, पण त्याला 'काका' म्हणायचे असते ना?"

"त्याला काय म्हणायचे आहे ते वेगळे, तो काय म्हणाला ते वेगळे. आपण सगळे अर्थ ऐकतो. मला आवाज ऐकायचा आहे."

गवयाचा कान तयार व्हावा लागतो, तसाच हा कान. तो तयार झाला म्हणजे आपल्याला सारखी वाटणारी दोन मुले निरनिराळी दिसू लागतात. एक मूल म्हणते, 'मी ताल थाऊ थाल्ला.' म्हणजे काल खाऊ खाल्ला. जिभेचा मागचा भाग उचलायचा, तिथे हे पुढचे टोक उचलते. व्याकरण मात्र बिनचूक. दुसरे सहा वर्षांचे मूल स्वच्छ उच्चारात म्हणते, 'मी पोळी खाल्ला. बाबा घोडा वर बसला.' याची जीभ ठीक आहे, पण वाक्याची घडी बसत नाही. पहिल्याची अडचण वाणीची, दुसऱ्याची भाषेची. आणि दोघांचे औषध वेगळे.

आमच्या वरच्या मजल्यावर पहिल्या जातीचे एक मूल होते. साडेचार वर्षांचे. दैवयोग असा, की त्याचे नावच क पासून सुरू होत होते. बालवर्गात कुणी नाव विचारले, की मुले खिदळत. मग त्याने नाव सांगणेच बंद केले. पुढेपुढे तर शाळेत तोंडच उघडीना. घरी आजींनी वेखंड उगाळून चाटवून झाले होते. "याचा बापही पाच वर्षांचा होईस्तोवर धड बोलला नाही," असे सांगून त्या सुनेला धीर देत. सून बिचारी आमच्याकडे येऊन रडे.

एकदा तो आला असता मी थट्टेने म्हटले, "काय रे, ताता कुठे आहेत?" तो रागाने लाल! "ताता नाही, ताता!" भाची हसली नाही. हा अनुभव जगभरचा आहे, असे तिने मला नंतर सांगितले. जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन यांनी १९६० साली अशाच एका मुलाची हकीकत लिहिली आहे. 'फिश'ला ते 'फिस' म्हणे, आणि मोठ्यांनी 'फिस' म्हटले की चिडे. मुलाच्या कानात शब्द बरोबर असतो. आपला उच्चार तसा होत नाही, हे त्याला कळत नाही. लोक का हसतात तेवढे मात्र कळते.

भाचीने त्या सुनेला औषध सांगितले नाही. "काकू, मी अजून शिकते आहे. निदान करायचा मला अधिकार नाही. पण आधी याचे कान तपासून घ्या." अहो, त्याला सगळे ऐकू येते, असे आजी म्हणाल्या. तपासल्याशिवाय तसे म्हणायचे नाही, हा या शास्त्राचा पहिला धडा. नवजात मुलाचे कान पहिल्या महिन्यातच तपासावेत, असे आता सांगतात ते याचसाठी. या मुलाचे कान उत्तम निघाले, आणि मग उपचार सुरू झाला.

उपचारकेंद्रात शिक्षिकांच्या देखरेखीखाली बसण्याची भाचीला परवानगी मिळाली. गुळण्या करवून घशापाशी जीभ कुठे हलते ते त्याला जाणवून दिले. मग नुसता क. मग का, की, कू. मग 'काप' आणि 'ताप', 'गार' आणि 'दार' अशी चित्रांची जोडी. कापाचे चित्र हवे असेल तर 'ताप' म्हणून भागत नाही! या जोड्या रात्री जेवताना आम्ही दोघी जमवत असू. मूळच्या चाचण्या पुष्कळशा इंग्रजी मुलांसाठी बांधलेल्या. इंग्रजीला ना ळ, ना ण. मराठी मुलासाठी मराठीच शब्द हवेत, आणि ते त्याच्या चार वर्षांच्या जगातले हवेत.

"सगळ्यांत कठीण काय वाटते ग?" मी एकदा विचारले.

"गप्प बसणे," ती म्हणाली. "मूल शब्दाशी झटत असते. तो शब्द आपल्या ओठांवर असतो, आणि तरी द्यायचा नाही. थांबायचे."

पाचव्या महिन्यात त्या मुलाने जिन्यात मला थांबवून आपले नाव सांगितले, क सकट. मी धावत येऊन भाचीला वार्ता दिली. तिने वहीत तारीख घातली आणि म्हणाली, "सुटा शब्द आला, मावशी. बोलण्याच्या ओघात अजून यायचा आहे." शाळेत तो आता बोलतो. घाई झाली की अजून 'ताता' म्हणतो.

माझ्या बहिणीच्या प्रश्नाला मी आता उत्तर देत नाही. तिला तिच्या लेकीची वही वाचायला देते.

या दिवाळीत तुमच्याही घरी पाहुणे येतील. फराळाच्या ताटात चकलीचा च वेगळा आणि चिवड्याचा च वेगळा, हे मोठ्यांनाही कुठे ठाऊक असते! एखादे मूल 'तलंजी' मागेल. त्याला हसू नका, पुन्हा म्हणायलाही लावू नका. "करंजी हवी? ही घे करंजी," असे म्हणून ती हातावर ठेवा. आणि मूल चार वर्षांचे असेल, घरच्यांखेरीज कुणाला त्याचे बोलणे कळत नसेल, तर फराळ झाल्यावर त्याच्या आईला बाजूला घेऊन एवढेच सांगा, की आधी कान तपासून घ्या.