एकास एक कोटी

परग्रहावरची मंडळी पृथ्वीवर उतरायचे ठरवतात तेव्हा ती नेमकी कोठे उतरतात, हा प्रश्न विज्ञानपटांच्या चाहत्याला फार लवकर पडतो आणि त्याचे उत्तरही लवकरच मिळते. ती अमेरिकेत उतरतात. १९५१ सालच्या 'द डे द अर्थ स्टूड स्टिल'मध्ये तबकडी उतरते ती थेट वॉशिंग्टनमध्ये. स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९७७ सालच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मध्ये भारतातला एक प्रसंग आहे. मोठा जमाव एकच सुरावट पुन्हा पुन्हा गातो आहे; हे सूर कोठून ऐकलेत असे विचारताच सगळ्यांची बोटे एकदम आकाशाकडे उठतात. हा प्रसंग आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला. पडद्यावर मात्र तो उत्तर भारतातला म्हणून येतो. आकाशातला आवाज मराठी मुलुखातल्या माणसांनी ऐकावा, इथपर्यंत दिग्दर्शकाची हरकत नाही. यान उतरायची वेळ आली की ते वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवरपाशीच उतरणार.

यात स्पीलबर्गविषयी तक्रार नाही. ज्याने त्याने आपल्या अंगणातले झाड निवडावे. मला कुतूहल आहे ते हे चित्रपट पाहत वाढलेल्या, दूरच्या गावातल्या प्रेक्षकाच्या मनाचे. नवलाचे काही घडायचे तर ते दुसरीकडे घडणार, ही समजूत त्या मनात किती खोल रुजते आणि कशाने हलते, याविषयी थोडे लिहायचे आहे.

मी भुसावळची. रेल्वेच्या गावात यंत्रांची ओढ वेगळी शिकवावी लागत नाही. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारे 'स्टार ट्रेक', पुढे 'स्पेस सिटी सिग्मा', वाचनालयात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणि १९९४ साली हिंदीतून डरकाळ्या फोडत आलेले 'ज्युरासिक पार्क' अशा क्रमाने हा नाद लागला. मराठी विषय घेऊन एम. ए. झाल्यावर तो सुटेल असे घरच्यांना वाटत होते. तो सुटला नाही. आजही आमच्या बैठकीच्या खोलीत संतवाङ्मयाच्या कपाटावर सॅटर्न ५ अग्निबाण उभा आहे, आणि येणारे सहकारी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहतात.

तो अग्निबाण परदेशाहून आलेल्या किटमधून जोडलेला आहे. प्लास्टिकच्या चौकटींतून एकेक भाग कातरून काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, सूचनापत्रकातल्या क्रमाने चिकटवायचा आणि रंग वाळेपर्यंत धीर धरायचा, एवढेच ते काम. यातली खरी गंमत प्रमाणाची असते. एकास एकशे चव्वेचाळीस या प्रमाणात ११० मीटर उंचीचा सॅटर्न ५ सुमारे ७७ सेंटिमीटरचा होतो. त्याच प्रमाणात आपला ४४ मीटरचा पीएसएलव्ही जेमतेम साडेतीस सेंटिमीटर भरतो. त्याचे किट मला मिळाले नाही. म्हणून चित्रकलेच्या कागदाची नळी वळून आणि रिकाम्या स्केचपेनांचे सहा तुकडे भोवती लावून मी तो केला. दोन्ही शेजारी उभे केले की माणसाला चंद्रावर नेणे आणि उपग्रहाला कक्षेत नेणे यांतला फरक सांगावा लागत नाही. डोळ्यांनाच तो कळतो.

किटचा नाद आणि चित्रपटांचा नाद वेगळे नाहीत, हे मला उशिरा समजले. 'स्टार वॉर्स'मधल्या यानांच्या पृष्ठभागावर जी गुंतागुंतीची यंत्रे दिसतात, ती बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या नि मोटारींच्या किटमधले सुटे भाग चिकटवून केलेली होती. 'क्लोज एन्काउंटर्स'च्या महायानाचे मॉडेल आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. त्यावर कारागिरांनी गमतीखातर एक टपालपेटी, एक व्हॅन आणि 'स्टार वॉर्स'मधला आर टू डी टू हा यंत्रमानव चिकटवून ठेवला होता. पडद्यावर तो प्रेक्षकाला सहज ओळखू येत नाही. म्हणजे आपण ज्याला परग्रहावरचे म्हणून डोळे विस्फारून पाहत होतो, ते कोणाच्या तरी टेबलावरच्या घरगुती वस्तूंतून उभे राहिले होते. दूरचे घडवायला जवळचेच सामान लागते. रेल्वे यार्डाच्या कडेने वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

साहित्यातही हीच अट आहे, असे माझे मत आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून जयंत विष्णू नारळीकरांनी ते टोपणनाव घेतले होते. कीर्तीचा भार परीक्षकांवर पडू नये एवढाच हेतू. पुढे 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'वामन परत न आला' ही नावे वाचकांच्या ओळखीची झाली. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्यावरचा आमच्या विभागांतला ठरलेला आक्षेप असा की पात्रे पुसट आहेत आणि कथेआडून विज्ञानाचा तास चालतो. तो आक्षेप अगदीच निराधार नाही. पण तो घेताना ही शीर्षके पाहिली जात नाहीत. यक्ष, भस्मासुर, वामन ही आपल्या आजीच्या गोष्टींतली मंडळी त्यांनी अंतराळात नेली. अपरिचित कल्पनेला परिचित नाव देऊन ती घरात आणणे हे भाषेचे काम आहे, आणि ते त्यांनी केले. भाषेने कल्पना घरात आली, तरी तिला अजून अंगण मिळायचे होते.

हे अंगण कसे नसते याचा अनुभव वर्गात आला. पदवीच्या विद्यार्थ्यांना मी एकदा विज्ञानकथा लिहून आणायला सांगितल्या. मुले भुसावळ, यावल, रावेर, बोदवड या भागांतली. बहुतेक कथा न्यूयॉर्कमध्ये घडत होत्या. शास्त्रज्ञाचे नाव डॉ. स्मिथ किंवा डॉ. जॉन. ज्या मुलीच्या घरी केळीच्या बागा आहेत, तिच्या कथेत मॅनहॅटनच्या रस्त्यावर बर्फ पडत होते. भाषा शुद्ध होती, प्रसंग रंगवलेले होते. पण लिहिणारा माणूस कोठेच सापडत नव्हता. मी कारण विचारले तेव्हा एकाने अगदी सरळपणे सांगितले, "मॅडम, आपल्याकडे असलं काही येत नाही ना."

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे एक दगड होता.

जगभरच्या अशनींच्या सूचीत, म्हणजे आकाशातून पडलेल्या आणि नोंद झालेल्या दगडांच्या यादीत, एक नाव 'मानेगाव' असे आहे. पडल्याचे साल १८४३. जागा आपल्या खानदेशातल्या एदलाबादजवळची. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. भुसावळपासून पूर्वेला सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर. तेव्हा भुसावळला रेल्वे नव्हती. देशातली पहिली प्रवासी गाडी धावायला अजून दहा वर्षे होती. त्या दगडाचे जपून राहिलेले म्हणून नोंदलेले वजन अवघे पन्नास ग्रॅम आहे. पण त्याचा प्रकार दुर्मीळ आहे. त्याला डायोजेनाइट म्हणतात. असे दगड आकाशापलीकडून येतात असे म्हणणाऱ्या डायोजेनिस या प्राचीन ग्रीक विचारवंतावरून हे नाव पडले.

आकाशातून दगड पडतात हे युरोपातल्या पंडितांना बराच काळ मान्य नव्हते. ते खेडुतांचे बोलणे समजले जाई. १८०३ साली फ्रान्समधल्या लेग्ल गावाभोवती हजारो दगड पडले, ज्याँ-बाप्तिस्त बिओ याने तेथे जाऊन गावोगावच्या साक्षी गोळा केल्या, तेव्हा कोठे विद्वानांचे मन वळले. मानेगावचा दगड त्यानंतर चाळीस वर्षांनी पडला, म्हणून तो नोंदला तरी गेला. आणखी चाळीस-पन्नास वर्षे आधी पडता, तर कदाचित शेंदूर लागून एखाद्या पारावर बसला असता. तेही काही वाईट झाले नसते.

डायोजेनाइट आले कोठून, याचा माग १९७० च्या सुमारास लागू लागला. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या वेस्टा या लघुग्रहावरून परतणारा प्रकाश आणि या जातीच्या दगडांवरून परतणारा प्रकाश जुळत होता. २०११ साली नासाचे 'डॉन' यान वेस्टाच्या कक्षेत शिरले आणि वर्षभर फिरून त्याने नकाशे काढले. सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाच्या त्या गोलाच्या दक्षिण टोकाला जवळजवळ ५०० किलोमीटर रुंदीचा आघाताचा खड्डा आहे. अशा आघातांत उडालेले तुकडे अंतराळात भटकत राहतात. त्यांतलाच एक, वेस्टाच्या कवचाच्या खोल थरात सावकाश निवलेला, सूर्यमालेच्या जन्मकाळाचा, आपल्या जिल्ह्यात पडला.

पडला त्या परिसराला विजेची जुनी ओळख आहे. तापीकाठी वीज कडाडली आणि त्या लोळात मुक्ताई अंतर्धान पावली, असे परंपरा सांगते. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवांचे देऊळ आहे. त्यांना भेटायला भावंडे भिंतीवर बसून गेली होती. या कथांचा आणि त्या दगडाचा संबंध जोडण्याचा मोह मी टाळते. मला एवढेच म्हणायचे आहे की आकाश आणि जमीन यांच्यातले जाणे-येणे या भागातल्या माणसाच्या कल्पनेला कधी परके नव्हते. ते परके झाले अलीकडे, पडद्यावर पाहून पाहून.

मानेगावला मी जाऊन आले. केळीच्या बागेच्या बांधावर एक वृद्ध शेतकरी भेटले. त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "सोन्याचा होता का?" मी नाही म्हटले. "मग नेला कशाला?" मी वेस्टाची हकीकत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "एक तुकडा तरी गावात ठेवायला पाहिजे होता."

तुकडा आणणे माझ्या हाती नव्हते. मॉडेल करणे होते. घरी येऊन आकडेमोड केली तेव्हा लक्षात आले की सूर्य आणि वेस्टा यांच्यातले सरासरी अंतर ३५ कोटी किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि भुसावळ ते मानेगाव हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर. एक किलोमीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर. एकास एक कोटी या प्रमाणात आमचा मुलूखच सूर्यमालेचे मॉडेल होऊन बसला होता.

मग वर्गात फळ्यावर नकाशा काढला. सूर्य भुसावळ स्थानकात ठेवला. तो १३९ मीटर व्यासाचा, म्हणजे सहा डब्यांच्या गाडीएवढा. पृथ्वी पंधरा किलोमीटरवर, वरणगावच्या थोडी पुढे. सव्वा मीटरचा गोळा. तिच्यापासून अडतीस मीटरवर चंद्र, पस्तीस सेंटिमीटरचा. माणसाने आजवर ओलांडलेले सर्वांत मोठे अंतर ते एवढेच. माझ्या कपाटावरचा सॅटर्न ५ या प्रमाणात केसाच्या जाडीहूनही लहान झाला. वेस्टासाठी बाजारातून एक लिंबू आणले होते. ते मानेगावला ठेवायचे. नंतर एका मुलाने प्रकाशाचा वेग विचारला. तोही मोजला. एकास एक कोटी या प्रमाणात प्रकाश तासाला १०८ किलोमीटर वेगाने धावतो. वर्गात एकदम गलबला झाला, कारण हा वेग या गावात प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. मुख्य मार्गावरची मेल-एक्स्प्रेस साधारण त्याच वेगाने जाते. सूर्यकिरण भुसावळहून निघाला की सव्वाआठ मिनिटांनी वरणगाव ओलांडतो आणि वीस मिनिटांत मानेगावच्या लिंबावर पोचतो. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा मात्र याच प्रमाणात चाळीस लाख किलोमीटरांवर, म्हणजे खऱ्या चंद्राच्या दहापट दूर जातो. एक्स्प्रेसने न थांबता सव्वाचार वर्षे. तेथे मुले गप्प झाली.

पुढच्या खेपेला आलेल्या कथांत डॉ. स्मिथ कमी होते. मॅनहॅटनमध्ये बर्फ पाडणाऱ्या मुलीने या वेळी यान आपल्या केळीच्या बागेत उतरवले होते. वादळात बाग आडवी होते तशीच ती झाली, आणि तलाठी पंचनाम्याला आले. नुकसानीचे कारण काय लिहावे यावर पानभर वाद होता: वादळ म्हणावे तर त्या दिवशी वारा नव्हता, आणि यान म्हणावे तर भरपाईच्या नियमांत ते बसत नव्हते. तिचे वडील, तलाठी आणि बांधावर जमलेले शेजारी आपापल्या बोलीत बोलत होते. यानातले पाहुणे दाराशी थांबून हा वाद संपण्याची वाट पाहत होते. मी वाचताना मोठ्याने हसले.

शेवटच्या परिच्छेदात नायिकेला जाग येत होती आणि ते सगळे स्वप्न ठरत होते. तिला बोलावून विचारले, तर म्हणाली, खरे कसे वाटेल मॅडम, म्हणून स्वप्न केले. तिच्या वहीत मी त्या परिच्छेदावर रेघ मारली, आणि समासात लिहिले: १८४३, मानेगाव.