मागील शिल्लक

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला 'क्रेडिट' या शब्दाचा अर्थ कोणी शिकवायला जाऊ नये, असं माझं नम्र मत होतं. चोवीस वर्षं मी हा शब्द व्हाउचरवर लिहीत आलो आहे. घरात तो माझ्या वाट्याला फारसा येत नाही ही गोष्ट वेगळी. मुलीला चांगले मार्क मिळाले की क्रेडिट हिच्या माहेराला, आणि गणितात गोता खाल्ला की डेबिट आमच्या घराण्याला. या व्यवहाराला व्हाउचर लागत नाही आणि त्याविरुद्ध तक्रार पेटीही नाही.

पण सत्तेचाळिसाव्या वर्षी मला एका विद्यापीठाने विचारलं, "आपल्या खात्यावर किती क्रेडिट्स जमा आहेत?" आणि मी, बी. कॉम., जे. ए. आय. आय. बी., खुर्चीतल्या खुर्चीत कॅशमध्ये शॉर्ट आल्यासारखा घामाघूम झालो.

त्याचं असं झालं. मला इतिहासाचा बी. ए. पुरा करायचा आहे. 'करायचा आहे' असं नाही, 'पुरा' करायचा आहे. कारण तो अर्धा, खरं तर एक तृतीयांश, झालेला आहे. १९९७ साली साताऱ्याच्या कॉलेजात मी एफ. वाय. बी. ए. पास झालो होतो. वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा, आणि आमचे इतिहासाचे सर फळ्याकडे कमी आणि किल्ल्याकडे जास्त बघून शिकवायचे. एक दिवस त्यांनी पानिपत लावलं. १४ जानेवारी १७६१. लढाई त्यांनी दहा मिनिटांत उरकली. उरलेला तास त्यांनी एका पत्रावर घालवला. पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना म्हणे एका सावकारी पत्रातून कळली. त्यात ना तोफा होत्या ना प्रेतं. होते मोती, मोहरा आणि खुर्दा. मोती दोन, म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा सत्तावीस, म्हणजे मोठमोठे सरदार. आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही.

"खुर्दा म्हणजे कोण रे?" सरांनी विचारलं. वर्ग गप्प. "खुर्दा म्हणजे तुम्ही," असं म्हणून सर घंटा व्हायच्या आधीच निघून गेले.

त्या दिवशी मी ठरवलं की आपण इतिहास शिकायचा आणि या चिल्लरीचा हिशेब लावायचा. पुढे चिल्लर मोजायचंच काम मिळालं, पण ते सरकारी टांकसाळीतून आलेल्या.

कारण मे महिन्यात निकाल लागला आणि जूनमध्ये अण्णांनी माझं नाव कॉमर्सला घातलं. अण्णा जिल्हा परिषदेत कारकून. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की "अफजलखान मेला तो मेला. तू जगायचं कसं ते बघ." यावर तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. अठ्ठावीस वर्षं विचार करूनही सुचलेलं नाही.

तर आता मुलगी कॉलेजात गेली, कर्जाचे हप्ते सवयीचे झाले, आणि एका रात्री मी ऑनलाइन इतिहासाच्या बी. ए.ची माहिती उघडून बसलो. माझा पूर्वीचा समज असा, की पदवी म्हणजे तीन वर्षं कॉलेजच्या कट्ट्यावर बसणं. तसं आता राहिलेलं नाही. आता पदवी म्हणजे एकशे वीस क्रेडिट्स. एक क्रेडिट म्हणजे साधारण तीस तासांचा अभ्यास. मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. शब्द मोठा छान आहे. आमच्या बँकेत श्रेय आणि अंक एकाच माणसाला कधी मिळत नाहीत. अंक आम्ही जुळवायचे, श्रेय मॅनेजरसाहेबांनी घ्यायचं.

आणि हे श्रेयांक ठेवायला चक्क बँक आहे! २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ती काढली. अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. विद्यार्थ्याला बारा आकडी नंबर मिळतो, या विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक त्या विद्यापीठात वळते करता येतात, आणि पुरेसे साठले की ते मोडून पदवी घ्यायची. मोडले की खात्यातून वजा. हे वाचून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. म्हटलं, इतकी वर्षं लोकांची खाती उघडली, आता आपलं उघडू.

मुलीने मोबाइलवर दोन मिनिटांत ते उघडून दिलं. तिचं स्वतःचं होतंच. "बाबा, तुमचं बॅलन्स झीरो आहे," ती म्हणाली. यात तिला काही नवल वाटलं नाही.

"थांब, भरणा करतो," मी म्हटलं आणि नियम वाचायला घेतले. मग कळलं की इथे खातेदाराला भरणा करता येत नाही! खातं माझं, श्रेयांक माझे, पण जमा करणार फक्त विद्यापीठ. मी आपली मार्कलिस्ट घेऊन काउंटरवर गेलो तर ती घेणार नाहीत. उद्या आमच्या शाखेत मी एखाद्या गिऱ्हाइकाला म्हटलं, "आजोबा, पैसे तुमचे खरे, पण ते तुमच्या मालकानेच आणून भरले पाहिजेत," तर आजोबा काठीने उत्तर देतील.

दुसरा नियम त्याहून जहाल. श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. आमच्याकडे एखाद्याने दोन वर्षं खात्याला हात लावला नाही तर आम्ही ते निष्क्रिय म्हणतो. दहा वर्षं कोणी फिरकलंच नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जातात. पण जातात म्हणजे बुडत नाहीत. पंधरा वर्षांनी वारस कागदपत्रं घेऊन आला तरी ते द्यावेच लागतात. म्हणजे बापजाद्यांनी विसरलेले साडेतीनशे रुपये अमर, आणि माणसाने जागून केलेला अभ्यास सात वर्षांत नासतो. मॅनेजरसाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तुम्ही वाचलेलं सर्क्युलर सात दिवस तरी तुमच्या लक्षात राहतं का?" मी विषय बदलला.

मग मी बँकेच्या माणसाने करावं तेच केलं. कागद घेतला आणि हप्ते बसवले. एकशे वीस गुणिले तीस, तीन हजार सहाशे तास. रोज एक तास अभ्यास केला तर नऊ वर्षं दहा महिने. म्हणजे शेवटचा श्रेयांक जमा होईपर्यंत पहिले सगळे कालबाह्य. रोज दीड तास केला तर सहा वर्षं सात महिने. सातच्या आत बसतंय, पण मध्ये मार्च एंडिंग, गणपती, दिवाळी आणि सासुरवाडीची लग्नं धरलेली नाहीत. आणि जर माझं ते एफ. वाय.चं एक वर्ष मान्य झालं, म्हणजे चाळीस श्रेयांक वळते झाले, तर उरले ऐंशी. दोन हजार चारशे तास. चार वर्षं पाच महिने.

"दोन वर्षांनी काय एवढं बिघडतंय?" हिने विचारलं. "तुम्हाला काय त्यावर नोकरी लागायचीय?"

मी म्हटलं, "तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्वाचा काही नव्हता. अण्णांना चौऱ्याऐंशी चालू आहे.

असो. श्रेयांक गोळा करण्याचे आडमार्गही मी पाहून ठेवले. 'स्वयम्' म्हणून सरकारचं पोर्टल आहे, २०१७ पासूनचं. तिथल्या अभ्यासक्रमांतून चाळीस टक्क्यांपर्यंत विषय उचलता येतात, विद्यापीठाने मान्य केले तर. मग २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात तर अनुभवालाही श्रेयांक देण्याची सोय लिहून ठेवली आहे. हे वाचून आमच्या कॅशियरना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. "अहो, मग नोटाबंदीचे किती लावताय?" ते म्हणाले. आणि खरंच होतं. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री घोषणा झाली, आणि पुढे दोन महिने आम्ही दोघे त्या काउंटरवर इतिहासाच्या अगदी पोटात उभे होतो. एक म्हातारी पातळाच्या घडीतून पाचशेच्या चार नोटा काढून म्हणाली होती, "ह्यांना सांगू नका हं." हे तिचे 'ह्ये' तिच्या मागेच रांगेत उभे होते, त्यांच्याही मुठीत नोटा, आणि त्यांचंही तेच म्हणणं. उद्या कोणीतरी पेपरात 'नोटाबंदीचे परिणाम सांगा, गुण दहा' असा प्रश्न काढील. त्यात ही दोघं नसतील. खुर्दा.

पण इतिहासाच्या पदवीला या अनुभवाचे श्रेयांक चालतील का, असं विद्यापीठाच्या मदत केंद्राला विचारलं, तर त्यांनी मला तिकीट नंबर दिला. दर आठवड्याला मी विचारायचो आणि दर आठवड्याला नवा तिकीट नंबर यायचा. आमचे एन. ई. एफ. टी.चे पैसे रात्री-बेरात्री अर्ध्या अर्ध्या तासाच्या बॅचने इकडचे तिकडे जातात. माझं एक वर्ष मात्र अडीच महिने 'प्रक्रियेत' होतं. मला कधी कधी वाटतं, राजवाडे गावोगाव हिंडून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करत होते, कोसंबी पेशाने गणिती असून प्राचीन भारतावर लिहीत होते, रियासतकार सरदेसाई बडोद्याची चाकरी सांभाळून रियासतीचे खंड पाडत होते, ते एका दृष्टीने सुटले. त्यांना कोणी तिकीट नंबर दिला नाही.

अखेर एक दिवस उत्तर आलं. 'मूळ गुणपत्रिकेची प्रत पाठवा.' आणि इथे सगळं अडलं, कारण गुणपत्रिका माझ्यापाशी नव्हती. बी. कॉम.च्या सहाही कागदांना प्लास्टिक घातलेलं आहे. एफ. वाय. बी. ए.चा तो कागद कुठे गेला, कुणास ठाऊक. दुय्यम प्रत काढायची तर अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि साताऱ्याला दोन खेपा.

मी कपाटाच्या वरच्या फळीवरच्या फायली उपसत होतो. अण्णा दारात येऊन उभे राहिले. त्यांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांचा मुलगा बापाच्या चोरून बी. ए. करतो हे सांगायला बरं वाटत नाही, पण होतं तसं.

"काय हुडकतोयस?"

"काही नाही. एक जुना कागद."

"कुठल्या सालचा?"

"सत्त्याण्णवचा."

अण्णा काही न बोलता आपल्या खोलीत गेले. त्यांच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात एल. आय. सी.च्या पॉलिस्या, आईचा दाखला आणि शिधापत्रिकांच्या तीन पिढ्या आहेत. पाच मिनिटांनी ते एक खाकी पाकीट घेऊन आले. आत माझी गुणपत्रिका. चार घड्या, पण कोपराही फाटलेला नाही.

मी ती उलटी केली. मागे पेन्सिलीने अण्णांचं बारीक कारकुनी अक्षर होतं. हिशेबच होता. एका बाजूला 'बी. ए. अजून २, बी. एड. १, एकूण ३, सन २०००.' दुसऱ्या बाजूला 'बी. कॉम. ३, सन २०००.' म्हणजे वर्षं दोन्हीकडे सारखीच. खाली 'सेवानिवृत्ती १९९९' याच्याभोवती गोल. त्याखाली 'ताईचे लग्न' आणि एक आकडा, तो दोनदा खोडून पुन्हा लिहिलेला. 'बी. एड. प्रवेशाचे पैसे' यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. आणि अगदी तळाशी, या कशाशीही संबंध नसलेली एक ओळ. 'इतिहास ६८. चांगले.'

"लागेल म्हणून ठेवला होता," अण्णा म्हणाले. "एवढा उशिरा लागेल असं वाटलं नव्हतं."

मी तो कागद स्कॅन करून पाठवला. पुढची बाजू फक्त. तीन आठवड्यांनी निर्णय आला: 'सदर गुणपत्रिका वार्षिक पद्धतीची असून तीत श्रेयांकांची नोंद नसल्याने श्रेयांक हस्तांतरण शक्य नाही. आपणास प्रथम वर्षात प्रवेश घेता येईल.' आता १९९७ साली आमच्या कॉलेजात श्रेयांक हा शब्दच नव्हता, तर नोंद कोण करणार? पण असले युक्तिवाद मीही गेली चोवीस वर्षं काउंटरच्या अलीकडून फेटाळत आलोय. मी फी भरली.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बँक म्हणतोस, तर पासबुक देतात का?"

"नाही हो. सगळं मोबाइलवर."

"पासबुक नाही, मग कसली बँक?"

आत जाऊन ते एक जुनी लांबट वही घेऊन आले. उभ्या रेघा त्यांनीच पट्टी लावून आखल्या. तारीख, तपशील, जमा, शिल्लक. नावेचा रकाना त्यांनी ठेवलाच नाही. मग चष्मा पुसून पहिल्या ओळीवर तारीख घातली, तपशिलात 'मागील शिल्लक' लिहिलं, आणि पुढे ६८.

मी म्हणणार होतो, अण्णा, हे मार्क आहेत, श्रेयांक नव्हेत, दोन वेगळी चलनं आहेत, असं मिसळून चालत नाही. पण त्यांनी टाचणी मागितली. ती दिली. त्यांनी गुणपत्रिका त्या पानाच्या मागे, व्हाउचर लावतात तशी, नीट टाचून ठेवली.