ऊब आणि अंधार

निफाडच्या एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी कॉकाटील पक्ष्यांची जोडी आली, ती नातीच्या हट्टापायी. तिला हवा होता हिरवा, लाल चोचीचा, शिकवाल ते बोलणारा पोपट. परंतु आपल्या रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने गुन्हा ठरते, हे घरात ठाऊक होते. म्हणून मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले हे राखाडी पक्षी आले. तेही पोपटांच्याच गणातले. डोक्यावर तुरा, गालांवर नारिंगी टिकली आणि वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. दादाजींना ही खरेदी रुचली नव्हती. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ सांगितला आहे, एवढेच ते एकदा बोलले आणि नातीच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प झाले.

निफाडची थंडी महाराष्ट्राला परिचित आहे. एखाद्या जानेवारीत पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागायतदार बागांतून शेकोट्या पेटवतात. अशाच एका रात्री दादाजी उठले, तेव्हा दोन्ही पक्षी पिसे फुलवून एकमेकांना बिलगून बसलेले दिसले. त्यांना राहवले नाही. स्वयंपाकघराच्या मागची कोळशाची शेगडी त्यांनी स्वतः फुलवली, राख झटकली आणि पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवली. वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली, दारही ओढून घेतले. नवकार म्हणून ते झोपले.

सकाळी नर पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला होता. मादी दांडीवर होती, पण झोकांड्या खात होती.

घरातील सर्वांनी थंडीला दोष दिला. नाशिकच्या पशुवैद्यांनी मात्र सारे ऐकून घेतले आणि मादीला तपासता तपासता शांतपणे सांगितले, “शेठजी, पक्षी थंडीने नाही गेला. शेगडीने गेला.” धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहत राहते. उडण्याला लागणारे बळ त्यातूनच मिळते, आणि हवेतले विषही त्याच वाटेने माणसापेक्षा लवकर भिनते. इंग्लंडच्या कोळसाखाणींत धोक्याची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी सोबत नेत, आणि ही प्रथा 1986 पर्यंत चालली, हेही वैद्यांनी सांगितले. दादाजींनी पुढे काही विचारले नाही. त्या संध्याकाळच्या प्रतिक्रमणात त्यांचा आवाज दोनदा अडखळला, हे सूनबाईंच्या लक्षात आले.

काही आप्तांनी सुचवले की उरलेली मादी सोडून द्यावी, पुण्य लागेल. ही सूचना आपल्या समाजात फार सहज केली जाते. पिंजऱ्यात जन्मलेला परदेशी पक्षी निफाडच्या आभाळात सोडणे म्हणजे त्याला घारीच्या, मांजराच्या आणि त्याच थंडीच्या स्वाधीन करणे होय. सोडण्यासाठी म्हणून पक्षी विकत घेणारे तर पारध्याचा धंदाच वाढवतात. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी रुग्णालयाचा आपण योग्य अभिमान बाळगतो. घरातल्या पिंजऱ्याची तपासणी मात्र कोणी करीत नाही.

दादाजींनी ती तपासणी आपल्याकडे घेतली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक नवी वही काढली आणि पिंजऱ्याशेजारी तापमापक टांगला. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन नोंदी सुरू झाल्या. आठवड्याभरात कळले की त्या खोलीत दुपार आणि पहाट यांच्यात चौदा-पंधरा अंशांचा फरक पडतो. निरोगी पक्ष्याला वीस-पंचवीस अंश सुखाचे असतात, आणि सवयीने तो त्याहून थोडी अधिक थंडीही सोसतो. त्याला बाधतो तो अचानक बदल आणि फटीतून येणारा वाऱ्याचा झोत. तेव्हा पहिला खर्च झाला तो खिडकीच्या फटी बुजवण्याचा आणि पिंजरा आतल्या भिंतीकडे हलवण्याचा.

मग ऊब. मुलाने साठ वॅटचा पिवळा बल्ब पिंजऱ्यात सोडण्याचे सुचवले, कोंबड्यांच्या पिलांना लावतात तसा. दादाजींनी तो एक रात्र बाहेरून लावून पाहिला. पक्षी रात्रभर जागा राहिला आणि सकाळी बल्बखाली दहा-बारा पाकोळ्या मरून पडलेल्या होत्या. एका जीवाच्या उबेसाठी दुसऱ्या जीवांचा हा हिशेब त्यांना मान्य होण्यासारखा नव्हता. शोध घेता सिरॅमिकचा हीटर मिळाला. तो बल्बसारखाच होल्डरमध्ये बसतो, उष्णता देतो, पण प्रकाश अजिबात देत नाही. त्याचा पृष्ठभाग हाताला फोड येईल इतका तापतो, म्हणून होल्डर चिनीमातीचा घेतला. हीटर जाळीच्या आवरणात, पिंजऱ्याबाहेर एकाच बाजूला बसवला, म्हणजे ऊब नको असेल तेव्हा पक्ष्याला दुसऱ्या टोकाला सरकता यावे. पक्षी वायर कुरतडतात, म्हणून ती धातूच्या नळीतून नेली. तापमान ठरावीक अंशावर पोहोचताच वीज तोडणारा थर्मोस्टॅटही जोडला.

दुकानदाराने आणखी एक ‘न फुटणारा’ हीटिंग बल्ब पुढे केला होता. अशा काही बल्बांवर नॉनस्टिक तव्यासारखा थर असतो. तो फार तापला की त्याची वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते, हे वैद्यांनी बजावले होते. दादाजींनी थर कशाचा आहे ते विचारले. दुकानदाराला सांगता आले नाही, तेव्हा बल्ब परत केला. त्याच दिवशी सूनबाईंनी नॉनस्टिक तवा माळ्यावर टाकला आणि लोखंडी तवा खाली आला. वीज जाईल त्या रात्रीसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी, फडक्यात गुंडाळून, पिंजऱ्याच्या बाहेरून टेकवायची असे ठरले.

इतके करूनही फाल्गुनात नवे संकट आले. एकट्या मादीने अंडी घालायला सुरुवात केली. एक, दोन, मग थांबून पुन्हा. नातीला आनंद झाला. वैद्यांना मात्र झाला नाही. नर नसतानाही मादी वांझ अंडी घालू शकते. प्रत्येक अंड्याच्या कवचासाठी हाडांतील कॅल्शियम खर्ची पडते आणि अंडे अडकले तर जीव जातो. “रात्री दिवा किती वाजेपर्यंत असतो?” त्यांनी विचारले.

दुकानाचा हिशेब त्याच खोलीत होत असे, अकरापर्यंत, ट्यूबच्या उजेडात. लांबलेला दिवस पक्ष्याच्या शरीराला विणीचा काळ वाटतो. कॅल्शियमसाठी बाजारात समुद्रफेस मिळतो. पण तो माकुलीच्या शरीराचा भाग, म्हणून या घरी चालणार नव्हता. वैद्यांनी खनिजापासून केलेले औषध दिले. मात्र ते अंगी लागण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे आणि त्यासाठी ऊन हवे, तेही काचेआडून नव्हे, कारण काच नेमके तेच किरण अडवते. अतिनील किरणांचे खास दिवे मिळतात, परंतु ते जवळ किंवा जास्त वेळ लागले तर डोळे बिघडतात. निफाडसारख्या ठिकाणी कोवळे ऊन असताना दिवा कशाला, असे दादाजींचे मत पडले आणि ते बरोबरच होते. सामायिक झाल्यावर ते पिंजरा ओसरीत आणतात, अर्धा सावलीत ठेवतात आणि स्वतः शेजारी बसतात. मांजरांमुळे उठता येत नाही.

हिशेबाचे टेबल दुसऱ्या खोलीत गेले. घरात चौविहार पूर्वीपासूनच आहे. सूर्यास्तापूर्वी ताटे उचलली जातात, आणि आता त्याच वेळी पिंजऱ्यावर सुती कापड पडते. समोरची बाजू थोडी उघडी राहते, हवेसाठी. काळोखात दचकून कॉकाटील पंख आपटतात, म्हणून दूर कोपऱ्यात अगदी मंद, झाकलेला दिवा असतो. चैत्रानंतर अंडे घातले गेले नाही.

नातीने जोडीला दुसरा पक्षी मागितला. एकटेपण तिला पाहवत नव्हते, आणि तिचे म्हणणे खोटे नव्हते. दादाजी म्हणाले, “बेटा, ही पंधरा वर्षे जगेल. मी शहात्तरचा. नवीन कोणाला बांधून ठेवायचे नाही. आहे तिला पोहोचवायचे.” पर्युषणात त्यांनी महाराज साहेबांपुढे शेगडीच्या रात्रीची आलोचना केली. काय प्रायश्चित्त मिळाले, ते घरात कोणाला सांगितले नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी सूनबाईंसाठी लिहून ठेवले आहे : हीटर किती वॅटचा, थर्मोस्टॅट कोणत्या अंकावर, कापड कधी टाकायचे, रबरी पिशवी कोणत्या कपाटात, वैद्यांचा फोन. आणि सर्वांत वर, लाल शाईने : बंद खोलीत शेगडी नको.