जॉक टॅम्सनची लेकरं

"टीचर, ये लोगां बरफ पे झाडू कायकू मारते?"

सातवीतल्या एका मुलीने हे विचारलं, तेव्हा मी फळ्यावर मराठीचं प्रयोगप्रकरण लिहीत होते. फेब्रुवारी २०२२ चा सोमवार होता. शाळा नुकतीच पुन्हा सुरू झाली होती. आदल्या दिवशी तिने भावाच्या मोबाइलवर हिवाळी ऑलिंपिकची क्लिप पाहिली होती. एक बाई गुडघ्यावर वाकून दगड सरकवते आणि दोघी त्याच्यापुढे जीव खाऊन बर्फ घासत पळतात. वर्ग हसला. मीही हसले आणि म्हणाले, "उद्या सांगते." शिक्षकाचं हे जुनं शस्त्र आहे. पण उद्या खरंच सांगावं लागतं, म्हणून रात्री वाचायला बसले आणि वाचता वाचता एडिनबर्गजवळच्या एका तळ्याकाठी जाऊन पोचले.

आधी झाडूचं उत्तर. या खेळाचं नाव कर्लिंग. बर्फाच्या लांब पट्टीवरून जवळपास वीस किलोपर्यंतचा ग्रॅनाइटचा दगड सरकवायचा आणि पलीकडे आखलेल्या वर्तुळांच्या मध्याजवळ नेऊन थांबवायचा. एका संघात चौघे, प्रत्येकाला दोन दगड. समोरच्याचा दगड उडवता येतो, स्वतःच्या दगडाला आडोसाही करता येतो. घासल्याने बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड थोडा लांब जातो आणि कमी वळतो. पूर्वी हा खेळ उघड्या तळ्यांवर चालायचा. तेव्हा वाटेतला भुरभुरता बर्फ बाजूला करायला खराटेच लागत. म्हणजे पोरीचा प्रश्न अगदी बरोबर होता, तो झाडूच आहे.

वाचताना मला सारखा कॅरम आठवत होता. पावडर टाकलेला गुळगुळीत बोर्ड, समोरच्याची सोंगटी हलवणं, कोन धरणं आणि हात सुटल्यावर श्वास रोखून बघत राहणं. त्या कॅरमकडे मी नंतर येते.

स्कॉटलंडमध्ये हा खेळ फार जुना आहे. पेझलीच्या मठात १५४१ साली दोघांनी बर्फावर दगड सरकवण्याची शर्यत लावल्याची नोंद एका लेखनिकाने लॅटिनमध्ये करून ठेवली आहे. पुढे गावोगावी क्लब झाले. पर्थशायरमधल्या मुथिल गावच्या क्लबने १७३९ मध्ये नियम केला की खेळताना पैज नाही, शिवी नाही, आणि शिवी दिली तर दंड. हे वाचून मला हसू आलं. नियम केला, म्हणजे शिव्या भरपूर चालत असणार!

पण माझं मन रमलं ते डडिंग्स्टनमध्ये. एडिनबर्गला 'आर्थर्स सीट' नावाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी एक छोटं गाव, बाराव्या शतकातलं चर्च आणि चर्चच्या खाली तळं. एडिनबर्गच्या किल्ल्याखाली पूर्वी नॉर लॉक नावाचं तळं होतं. अठराव्या शतकात ते उपसायला घेतलं. आज तिथे बाग आणि वेव्हर्ली रेल्वे स्टेशन आहे. ते तळं गेल्यावर शहरातले खेळाडू नवा बर्फ शोधत अखेर डडिंग्स्टनला आले. १७९५ मध्ये तिथे 'डडिंग्स्टन कर्लिंग सोसायटी' स्थापन झाली. त्यांच्या पदकावर लॅटिनमध्ये एक ब्रीद होतं. त्याचा मथितार्थ असा, की स्कॉट लोक असे खेळतात, बाकीचे इतके नशीबवान नाहीत. थोडी फुशारकी आहेच. पण आपल्या गल्लीचा क्लब कोणाला जगातला सर्वोत्तम वाटत नाही?

या क्लबचं मोठं काम खेळातलं नाही, लिहिण्यातलं आहे. १८०४ मध्ये त्यांनी खेळाचे नियम कागदावर आणले. तोवर प्रत्येक गावाची रीत वेगळी आणि दगडही वेगळे, त्यामुळे दोन गावं समोरासमोर आली की खेळ कमी आणि वाद जास्त. या नियमांतले दोन मला फार आवडले. घासताना तुमच्याच माणसाचा धक्का तुमच्या चालत्या दगडाला लागला, तर तो दगड बाद. आणि कोणाचा दगड मध्याच्या जास्त जवळ आहे याबद्दल शंका आली, तर दोन्ही बाजूंचा नसलेला तिसरा माणूस मोजेल आणि त्याचा निर्णय अखेरचा. १८३८ मध्ये एडिनबर्गला अनेक क्लबांनी मिळून 'ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब' ही मध्यवर्ती संस्था काढली, तेव्हा तिच्या नियमांचा पाया डडिंग्स्टनचाच होता. चार वर्षांनी राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडला आली. ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस, बर्फ कुठला? मग स्कोन राजवाड्याच्या नृत्यदालनातल्या गुळगुळीत लाकडी फरशीवर दगड सरकवून तिला आणि प्रिन्स अल्बर्टला खेळ दाखवला. पुढच्याच वर्षी संस्थेच्या नावाला 'रॉयल' लागलं.

क्लबातल्या दोन माणसांबद्दल सांगायलाच हवं. पहिले पाद्री रॅम्झी. कर्लिंगवरचं पहिलं इतिहासाचं पुस्तक म्हणावं असं छोटं पुस्तक त्यांनी १८११ मध्ये काढलं. पण त्यावर स्वतःचं नाव घातलं नाही. लेखक म्हणून फक्त 'डडिंग्स्टन कर्लिंग सोसायटीचा एक सभासद' एवढंच छापलं. आज एका कवितेखाली नाव, गाव आणि मोबाइल नंबर टाकणाऱ्या आपल्या जमान्यात मला ही ओळख फार श्रीमंत वाटली.

दुसरे रेव्हरंड जॉन थॉमसन. १८०५ पासून १८४० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते डडिंग्स्टन चर्चचे पाद्री होते. धर्मोपदेश हे त्यांचं काम आणि निसर्गचित्रं हे वेड. वॉल्टर स्कॉट त्यांचा मित्र, चित्रकार टर्नर पाहुणा. चर्चच्या बागेत तळ्याकाठी १८२५ च्या सुमारास विल्यम प्लेफेअर या नामवंत वास्तुरचनाकाराने क्लबसाठी एक अष्टकोनी बुरूज बांधून दिला. खालच्या खोलीत सभासदांचे दगड आणि वरच्या खोलीत थॉमसन यांचे रंग. त्या वरच्या खोलीला त्यांनी 'एडिनबर्ग' असं नाव ठेवलं होतं म्हणे. कोणी भेटायला आलं की घरच्यांनी सांगायचं, "साहेब एडिनबर्गला गेलेत." खोटंही नाही आणि चित्रही अर्धवट राहत नाही. परीक्षेचे पेपर तपासताना मलाही घरातल्या एका खोलीचं नाव 'पुणे' ठेवावंसं वाटतं.

स्कॉटलंडमध्ये एक म्हण आहे, "आपण सगळी जॉक टॅम्सनची लेकरं." जॉक टॅम्सन म्हणजे जॉन थॉमसन. माणसं शेवटी सगळी सारखी, एकाच बापाची, असा तिचा भाव. हे पाद्री आपल्या गावकऱ्यांना लेकरं म्हणत आणि म्हण त्यांच्यावरूनच आली, असं डडिंग्स्टनचे लोक सांगतात. आमच्याकडेही "आदम की औलाद" म्हणतातच. म्हण वाचून मी पुस्तक मिटलं आणि जरा वेळ तशीच बसले. कारण 'सगळी' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे.

आता कॅरमकडे येते. सोलापुरात आमच्या मोहल्ल्यात चहाच्या हॉटेलला लागून एक खोली होती. पत्र्याचं छप्पर, दोन बोर्ड, वर लोंबकळणारे दोन बल्ब. तोच क्लब. अब्बा यंत्रमागावरून सुटले की घरी येण्याआधी तिथे जात. जेवण थंड व्हायला लागलं की अम्मी मला पाठवायची. मी उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणायची, "अब्बा, अम्मी बुलारी." आत जायचं नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलींना ते सांगावं लागत नाही. डाव संपेपर्यंत मी उंबऱ्यावरून बघत राहायची. कोन, कट, रीबाउंड सगळं मी तिथेच शिकले. रविवारी अब्बा घरच्या मोडक्या बोर्डावर माझ्याशी खेळत. मी जिंकले की खूश होऊन अम्मीला हाक मारत. पण मला क्लबात न्यावं, असं त्यांच्या मनातही आलं नसेल. आणि मीही कधी मागितलं नाही.

तो क्लब एका रात्रीत बंद पडला. मोहल्ल्यातल्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. राणी घेतलेल्या माणसाचा फाऊल झाला की नाही यावर वाद पेटला. नियम सगळ्यांना पाठ होते, पण प्रत्येकाला वेगळे. लिहिलेलं काहीच नव्हतं. तिसरा माणूस शोधायचा तर खोलीतला प्रत्येक जण कोणाचा तरी चुलत नाहीतर मावस. आठवड्याभरात दोन गट पडले, वर्गणीचा हिशेब निघाला, खोलीला कुलूप लागलं. पंचवीस-तीस वर्षं रोज एकत्र बसणारी माणसं ईदला गळाभेट टाळू लागली. अब्बा त्यानंतर संध्याकाळी सरळ घरी येत आणि जेवण कधीच थंड होत नसे. अम्मीला सुद्धा ते आवडलं नाही.

डडिंग्स्टनचा सुवर्णकाळही टिकला नाही. तळं आता पक्ष्यांसाठी राखलं आहे. तिकडचा हिवाळाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. सगळ्या स्कॉटलंडचे क्लब उघड्या बर्फावर जमतात तो मोठा सामना शेवटचा झाला १९७९ मध्ये, मेंटीथच्या तळ्यावर. पण नियम उरले. आज खेळ कृत्रिम बर्फावर चालतो, तरी तुमचा झाडू चालत्या दगडाला लागला तर तो तुम्हीच कबूल करायचा, अशी रीत आहे. खेळ संपल्यावर जिंकलेल्याने हरलेल्याला पेय पाजायचं, हीसुद्धा रीत. तिकडे ते बहुधा व्हिस्कीसारखं काही असणार. आपल्याकडे कटिंग चालून जाईल.

आणि लेकी? डडिंग्स्टनचा क्लब पुरुषांचा होता. उंबरा तिथेही होताच. स्त्रियांचा पहिला क्लब, फाइफमधला 'हर्क्युलिस लेडीज', निघाला १८९५ मध्ये, म्हणजे डडिंग्स्टननंतर शंभर वर्षांनी. पुढे २००२ मध्ये ऱ्होना मार्टिनने अगदी शेवटच्या दगडावर ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. आणि माझ्या विद्यार्थिनीने पाहिलेली ती दगड सरकवणारी बाई म्हणजे ईव्ह म्युरहेड. त्या रविवारी तिच्या संघाने जपानला १०-३ ने हरवलं होतं. त्या संघातली विकी राइट ही नर्स. कोविडच्या काळात खेळ थांबला तेव्हा ती पूर्ण वेळ रुग्णालयात कामाला गेली होती. हे सांगितलं तेव्हा वर्ग हसला नाही. त्यांच्यातल्या दोघींच्या आयाही सरकारी दवाखान्यात कामाला आहेत.

आमच्या शाळेच्या सामानखोलीत एक कॅरमबोर्ड आहे. मधल्या सुट्टीत तो मुलांच्या हातात जाई आणि मुली खिडकीतून बघत. त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी बसून नियम लिहिले, एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत. पहिला, पाळी हजेरीच्या क्रमाने, मुलगा-मुलगी बघायचं नाही. दुसरा, स्वतःचा फाऊल स्वतः सांगायचा. तिसरा, शंका आली तर न खेळणारा तिसरा ठरवेल आणि त्यावर वाद नाही. मराठीतल्या कागदावर शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी त्या तशाच ठेवल्या. पहिल्या दिवशी दोन मुलं रागावून निघून गेली. चौथ्या दिवशी पाळी चुकेल म्हणून परत आली.

तो कागद भिंतीवर लावण्याआधी मी घरी नेला होता. अब्बांना आता कमी दिसतं. त्यांनी उर्दूची बाजू डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचली. तिसऱ्या नियमावर थांबले.

"ये पैलेच लिखे रैते तो..." एवढंच म्हणाले आणि कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "बोर्ड निकाल. पावडर है क्या?"

पावडर नव्हती. आम्ही अम्मीच्या टाल्कमवर खेळलो.