शाई, स्पिरिट आणि टॉलरन्स

कोस्टरला मराठीत काय म्हणतात हो? मला तरी शब्द सापडला नाही. बहुधा आपल्याला त्याची गरजच पडली नसावी. आमच्या घरी चहाचा कप आजवर कालच्या पेपरवर टेकत आला, नाहीतर थेट सनमायकावर, आणि मग त्या गोल डागावरून आईने सगळ्यांना सारखंच फैलावर घेतलं. कपाखाली ठेवायला वेगळी वस्तू विकत आणणं ही आमच्याकडे चैन ठरली असती.

तर अशा आमच्या नाशिकच्या घरात आजच्या तारखेला ४४ कोस्टर आहेत. चहा पिणारी माणसं दोन. मी धरून अडीच, कारण मी पुण्याहून फक्त वीकांताला येते :-)

प्रकार साधा आहे. चार बाय चार इंचाची पांढरी, चकचकीत ग्लेझची टाइल घ्यायची. स्पिरिटने पुसून घ्यायची. तिच्यावर अल्कोहोल इंकचे थेंब टाकायचे. ही शाई म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेला रंग, बाकी काही नाही. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब. आणि मग... ते पेटवायचं! हो, लायटरने पेटवायचं. काही सेकंद टाइलवर फिकट निळी ज्योत धावते, रंग उकळतात, एकमेकांपासून पळतात, आणि विझल्यावर खाली जे उरतं ते कधी ब्रह्मगिरीवर उतरलेल्या ढगांसारखं दिसतं, तर कधी शेगडीवर उतू गेलेल्या दुधासारखं. कोणतं मिळेल ते सांगता येत नाही.

हे सगळं मी रात्री दोन वाजता व्हिडिओत पाहिलं (रिलीजच्या आठवड्यात माणूस रात्री दोनला काहीही पाहतो) आणि सामान मागवलं. पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आग लावण्याची सोय नाही, म्हणून खोकं उचललं आणि नाशिकला सिडकोतल्या आमच्या गच्चीवर आणलं.

टाइल मिळवणं मात्र सगळ्यात अवघड गेलं. हल्ली दुकानात दोन बाय चार फुटांच्या लाद्या मांडलेल्या असतात. चार इंची मागितल्यावर दुकानदाराने विचारलं, "स्विमिंग पूल बांधताय का ताई?" शेवटी मागच्या गोडाऊनमधून धूळ खात पडलेला एक खोका निघाला. आपल्याकडच्या बहुतेक टाइलांप्रमाणे ह्याही गुजरातेतल्या मोरबीच्या. भट्टीत हजार अंशांच्या वर भाजून निघालेल्या, तेव्हा आमच्या चार-आठ सेकंदांच्या ज्योतीचं त्यांना काय कौतुक!

आता बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबा आयटीआयचे फिटर. पुढे अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३१ वर्षं डायमेकर. आमच्या घरात 'साधारण' हा शब्द चालत नसे. मायक्रोमीटर म्हणजे काय ते मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांचं अक्षर लहान होऊ लागलं. ओळीच्या सुरुवातीला ठीक, शेवटाला मुंगीएवढं. मग एका बँकेत सही जुळेना. मग उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन्स. म्हणजे कंपवात. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली ह्या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिला, त्यावरून नाव पडलं.

बाबांनी आजार शांतपणे ऐकून घेतला. गोळ्यांच्या वेळा पाळू लागले. फक्त एक दिवस त्यांनी आपली लाकडी पेटी उघडली, व्हर्नियर, मायक्रोमीटर, व्ही-ब्लॉक सगळं तेल लावून कागदात गुंडाळलं आणि पेटी माळ्यावर टाकली. आमच्या घरात नळ दुरुस्त करायला पहिल्यांदा बाहेरचा प्लंबर आला, त्या दिवशी त्याचं काम होईपर्यंत बाबा गच्चीत जाऊन बसले होते.

आईने परोपरीने सांगून पाहिलं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, नर्तक हृषीकेश पवार कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवत आले आहेत, वगैरे माहिती मीही पुरवली. "मी? नाचू?" एवढंच उत्तर आलं. असो.

तर त्या शनिवारी मी गच्चीत टाइला मांडून बसले होते. बाबा वर आले, पाचेक फुटांवर थांबले आणि नाक वर करून म्हणाले, "मार्किंग ब्लू कुठून आणलास गं?"

टूलरूम न पाहिलेल्यांसाठी थोडं सविस्तर. लोखंडाच्या चकचकीत तुकड्यावर रेघा आखायच्या तर त्या दिसत नाहीत. म्हणून आधी त्यावर निळा रंग फासतात. त्यातला एक प्रकार स्पिरिटमध्ये बनवलेला असतो. तो क्षणात वाळतो, मग टोकदार स्क्रायबरने ओरखडलं की निळ्यावर चंदेरी रेघ उमटते. काम झालं की स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकायचा. म्हणजे रंग, अल्कोहोल आणि काहीही शोषून न घेणारा गुळगुळीत पृष्ठभाग. मी ज्याला परदेशी कला समजून महागाच्या बाटल्या मागवल्या होत्या, ती शाई बाबांनी ३१ वर्षं वापरली होती. फक्त एका रंगात.

मी बाटली पुढे केली. ते म्हणाले, "माझ्या हातून सांडेल."

"सांडायचंच आहे, बाबा."

त्यांनी थेंब टाकले. हात हलला, तीनऐवजी सात पडले, वेडेवाकडे पडले. मी वर अल्कोहोल टाकलं आणि रंग आपापले पसरले. वेडेवाकडेपणा त्यांत कुठे गेला ते शोधूनही सापडेना.

ह्यामागचं कारण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही (इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी वसूल व्हायला हवीत). द्रवाच्या पृष्ठभागाला ताण असतो. पाण्याचा जास्त, मिलिन्यूटन प्रति मीटर ह्या एककात ७२च्या आसपास. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. ताण कमी तिथून जास्त तिथे द्रव ओढला जातो. गरम झालं की ताण कमी होतो, म्हणून ज्योतीखालचा तापलेला रंग थंड कडेकडे पळतो. इटलीच्या कार्लो मारांगोनीने १८६५ साली ह्यावर प्रबंध लिहिला आणि परिणामाला त्याचं नाव चिकटलं. त्याच्या दहा वर्षं आधी, १८५५ मध्ये, जेम्स थॉमसनने वाइनच्या ग्लासच्या आत चढून ओघळणाऱ्या थेंबांचं हेच स्पष्टीकरण दिलं होतं. नाशिककरांना हे थेंब नवे नाहीत. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, तेव्हापासून गंगापूर धरणाकडे जाणारे पाहुणे ग्लास फिरवून ते 'अश्रू' बघत आले आहेत. पुष्कळांना ती दर्जाची खूण वाटते. खरं तर ती अल्कोहोलची खूण आहे.

आणि रंगाची कडा गडद का होते? त्याचं उत्तर सनमायकावरच्या चहाच्या थेंबात आहे. थेंब वाळताना कडेला बाष्पीभवन जोरात होतं, ती भर काढायला आतला द्रव कडेकडे वाहतो आणि रंग तिथे नेऊन टाकतो. कॉफीच्या डागावरून ह्याचा उलगडा करणारा शोधनिबंध १९९७ साली 'नेचर'मध्ये आला. आई ज्यावरून ओरडत होती, ते इतकं थोर होतं म्हणायचं!

थोडक्यात काय, तर रेघ द्रव काढतो. माणसाच्या हातात उरतं ते इतकंच: थेंब किती, कोणता रंग आधी, किती वेळ थांबायचं, टाइल किती तिरकी. ह्यांतल्या एकाही गोष्टीला स्थिर हात लागत नाही. डोकं लागतं, आणि चिकाटी. ती दोन्ही बाबांकडे भरपूर होती, फक्त त्यांना काम नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी आले तर पेटी माळ्यावरून खाली आलेली. उघडलेली. व्ही-ब्लॉक बाहेर काढलेला, आणि शाईची बाटली त्याच्या खाचेत आडवी निजवून तिचं तोंड टाइलवर येईल असं बसवलेलं. आता बाटली धरायची गरजच नव्हती, बोटाने हलकेच दाबलं की एक थेंब. शेजारी वही. त्यात मुंगीच्या अक्षरात रकाने: टाइल क्रमांक, रंग, थेंब, थांबण्याचे सेकंद, शेरा. शेरा तीनच प्रकारचा. पास, रिवर्क, रिजेक्ट. जांभळ्यावर पिवळा टाकला की चिखल होतो हे मला व्हिडिओ पाहून कळलं नव्हतं. बाबांच्या वहीत ते सातव्या नोंदीत आहे.

रिवर्कची सोय हा ह्या धंद्यातला मोठा दिलासा. वॉर्निश मारेपर्यंत स्पिरिटचा एक बोळा फिरवला की टाइल पुन्हा कोरी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये इतका सोपा रोलबॅक मी अजून पाहिलेला नाही.

आगीचे नियमही बाबांनीच लिहून दिले, आणि ते मी इथे देतेय कारण ह्यात चेष्टा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ सुमारे १२ अंशांच्या वर ठिणगीने पेटू शकते, म्हणजे निफाडची डिसेंबरातली पहाट सोडली तर आपल्याकडे कायमच. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. म्हणून काम उघड्यावर. टाइल लोखंडी ट्रेमध्ये वाळूवर. लायटर लांब दांड्याचा. बाटल्यांची झाकणं घट्ट लावून त्या दूर ठेवल्याशिवाय पेटवायचं नाही. पेटलेल्या किंवा गरम टाइलवर बाटलीतून थेंब तर कधीच टाकायचा नाही, वाफेवरून ज्योत बाटलीत चढते. उन्हात ज्योत दिसत नाही, तेव्हा विझली असं समजून हात घालायचा नाही. विझवायला स्टीलचं मोठं झाकण जवळ. सुती कपडे, बांधलेले केस. शेवटचा नियम बाबांनी तोंडी सांगितला. "आग तुझी, थेंब माझे. मला पटकन मागे सरता येत नाही." हे त्यांनी गेजचं रीडिंग सांगावं तसं सांगितलं. मी "बरं" म्हटलं आणि लायटर माझ्याकडे घेतला.

काही बारकावे. २०२० सालचा उरलेला सॅनिटायझर वापरू नका, त्यात बरंच पाणी असतं, रंग फुटतो. टाइल मॅट घेऊ नका. हे रंग उन्हात फिके पडतात. वॉर्निश स्प्रेचेच मारा, ब्रशने शाई उठते. वरून रेझिन ओतलं तर सुंदर दिसतं, पण साधं रेझिन ५०-६० अंशांना मऊ पडू लागतं आणि आमच्याकडचा चहा त्याहून कितीतरी गरम. तेव्हा आमच्या कोस्टरांवर फक्त सरबताचे ग्लास बसतात. चहा अजून पेपरवरच :-)

कोणी असं समजू नये की टाइलांनी आजार हटला. तो आपल्या गतीने चाललाय. गोळीचा असर ओसरला की बाबा गच्चीचा जिना चढायला वेळ घेतात. मागच्या महिन्यात एका वीकांताला ते वर आलेच नाहीत, आणि मी एकटीने केलेल्या तिन्ही टाइलांवर त्यांनी खाली बसून 'रिजेक्ट' लिहिलं. पण प्लंबर आता आला की ते त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसतात आणि कोणता वॉशर लावायचा ते सांगतात. प्लंबरला ते फारसं आवडत नसावं. आईला आवडतं.

आजवर ६१ टाइला झाल्या, ४४ पास. परवा शेजारच्या काकू बघायला आल्या. एक निळी-करडी टाइल त्यांना फार आवडली. म्हणाल्या, "भाऊ, अगदी अशाच सहा करून द्या ना. सेट होईल."

सहा सारख्या! ज्या माणसाने ३१ वर्षं डाय बनवल्या, म्हणजे लाखो सारखे तुकडे निघावेत एवढ्यासाठीच आयुष्य घासलं, त्याला विचारताय? मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी टाइल हातात घेतली, उजेडात तिरकी धरली, नेहमीसारखी तपासली. हात हलत होता, तसा तो हलतोच.

"नाही जमणार, वहिनी," ते म्हणाले. "ह्यात दुसरी निघत नाही." आणि चक्क हसले.

मग माझ्याकडे वळून, "पुढच्या शनिवारी येताना पांढरी शाई आण. दोन बाटल्या. एक पुरत नाही."