जांभळ्या झाकणाची नळी

इंदूरमधील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, तिच्या हातून एक अहवाल गेला : पोटॅशियम ७.८. निरोगी माणसाच्या रक्तात ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असते. सातच्या वर गेले की हृदयाची लय केव्हाही बिघडू शकते. वॉर्डात धावपळ झाली, पोटॅशियम उतरवणारे उपचार सुरू झाले. रुग्णाचा ईसीजी मात्र अगदी स्वच्छ होता. एका ज्येष्ठ डॉक्टरांना शंका आली, रक्त पुन्हा घेतले गेले आणि आकडा निघाला ४.२. उपचार वेळीच थांबले म्हणून निभावले; मुळात योग्य असलेले पोटॅशियम आणखी खाली ओढणे हेही जिवावर बेतू शकते.

चूक कोठे झाली ते संध्याकाळी कळले. रक्त कमी पडले म्हणून कोणीतरी जांभळ्या झाकणाच्या नळीतले थोडे रक्त साध्या नळीत ओतले होते. दुसऱ्या दिवशी मुख्य तंत्रज्ञांनी भिंतीवर कागद चिकटवला : ‘एका नळीतले रक्त दुसरीत ओतू नये. पोटॅशियम ६.५ च्या वर आल्यास नवा नमुना मागवावा, मगच रिपोर्ट द्यावा.’ असे का, हे कागदावर नव्हते. तिनेही विचारले नाही. बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या डीएमएलटीने तिचा हात तयार केला होता. शीर सापडत नसलेल्या म्हाताऱ्यांचे रक्तही ती एका टोचणीत घेत असे. कारण शोधण्याची सवय मात्र कोणी लावली नव्हती.

कागद पिवळा पडला, कोपरे निघाले. नियम तिने नऊ वर्षे पाळला.

२०२१ च्या मार्चमध्ये संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा संमत केला. रक्त तपासणारे, क्ष-किरण छायाचित्रे काढणारे, डायलिसिसचे यंत्र चालवणारे, अशा कितीतरी जणांची प्रथमच देशपातळीवर एकत्र नोंद होणार होती. त्या कायद्यातील दोन व्याख्या तिने रात्रपाळीत मोबाइलवर वाचल्या. निदान आणि उपचार यांना साहाय्य करणाऱ्या ‘संलग्न आरोग्य व्यावसायिका’साठी पदविका किंवा पदवी, किमान २,००० तासांची. अभ्यास, सल्ला, संशोधन आणि देखरेख करणाऱ्या ‘आरोग्यसेवा व्यावसायिका’साठी पदवीच, किमान ३,६०० तासांची.

तिने मनाशी हिशेब मांडला. आठ तासांची पाळी, वर्षाला अडीचशे दिवस. २,००० तास तर एका वर्षात भरतात. तिच्या नोकरीला अकरा वर्षे झाली होती, म्हणजे बावीस हजार तास. पण व्याख्येतले तास अभ्यासक्रमाचे होते, कामाचे नव्हते. त्याच महिन्यात पर्यवेक्षकाच्या जागेवर पदवीधर तरुणाची नेमणूक झाली. मायक्रोस्कोप कसा जुळवायचा ते त्याला तिनेच शिकवले होते.

सहकाऱ्यांनी सोपी वाट सुचवली : घरबसल्या पदवी घे, कागद मिळाल्याशी कारण. पुढे २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या क्षेत्रातील दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांतील प्रवेश जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून थांबवले. तिने तो मार्ग त्याआधीच नाकारला होता. पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात घेणारे महाविद्यालय शोधून तिने बीएमएलटीला नाव घातले. दिवसा वर्ग, रात्री पाळी. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारले, “आता पुन्हा शाळा?” आणि दुसऱ्या दिवसापासून डबा भरून ठेवू लागल्या. मुलीची दहावी आणि आईची परीक्षा एकाच महिन्यात आली. शेवटच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी बिनपगारी रजा घ्यावी लागली.

पहिल्या वर्षभरात तिला अनेकदा वाटले की हा सारा खटाटोप केवळ शिक्क्यासाठी आहे. मग एका दुपारी जीवरसायनाच्या तासाला फळ्यावर ईडीटीएचा रेणू आला. हा रेणू कॅल्शियमला खेकड्याच्या नांग्यांसारखा पकडून ठेवतो. कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही, म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीत तो घालतात. आणि घालतात तो बहुधा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते रक्त दुसऱ्या नळीत मिसळले की पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे उतरते. जस्त आणि मॅग्नेशियमही ईडीटीए ओढून घेतो, म्हणून त्यांच्यावर अवलंबून असलेल्या अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराचा आकडाही कोसळतो.

ती लिहायची थांबली. त्या जुन्या अहवालात कॅल्शियमही विलक्षण कमी होते, हे तिला आठवले. दोन्ही आकडे तिनेच टंकले होते, एकाखाली एक. साक्षीदार कागदावर उभा होता आणि तिला त्याची भाषा येत नव्हती. तिच्या बावीस हजार तासांनी तिला हे शिकवले नव्हते, कारण त्या तासांत तीच कृती पुन्हा पुन्हा झाली होती.

पदवी मिळाली. पगारात त्या वर्षी काही फरक पडला नाही. अहवालावर सही पूर्वीसारखी पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांचीच राहिली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका पहाटे यंत्राने आकडा दाखवला : पोटॅशियम ७.१. भिंतीवरच्या कागदाप्रमाणे अहवाल रोखून नवा नमुना मागवायचा होता. पहाटेच्या वेळी त्यात पाऊण तास सहज जातो. तिने नळी दिव्यासमोर धरली. रक्तद्रव स्वच्छ पिवळा होता. पेशी फुटल्याची लाली त्यात नव्हती. कॅल्शियम ९. अल्कलाइन फॉस्फेटेज नेहमीच्या मर्यादेत. क्रिएटिनिन मात्र खूप चढलेले. ईडीटीएची एकही खूण नव्हती. तिने आधी पॅथॉलॉजिस्टना उठवले, त्यांची संमती घेतली, मग वॉर्डात फोन लावला. “नवा नमुना घ्या, पण त्यासाठी थांबू नका. हा आकडा खरा दिसतो आहे.”

पलीकडच्या निवासी डॉक्टरांनी कारण विचारले. तिने ते तीन वाक्यांत सांगितले. फोन ठेवला गेला.

प्रयोगशाळेतल्या माणसाला रुग्ण दिसत नाही. त्याचे पुढे काय झाले, तेही सहसा कोणी कळवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या नमुन्यांत एक नळी त्याच नावाची होती. तिने बारकोडवरचे नाव दोनदा वाचले आणि नळी यंत्रात ठेवली. पोटॅशियम ५.२.